छायाचित्राची दुसरी बाजू

पेटींत जपून ठेवलेल्या जुन्या आल्बममध्यें एक तरी छायाचित्र असें निघतें, कीं ज्यांत माणसांइतकेंच एखादें वाहनही मानानें उभें असतें. दारीं नवी मोटार आली म्हणून तिच्या भोंवतीं गोळा झालेलें सारें कुटुंब. घाटांत थांबलेली प्रवासी गाडी आणि तिच्या पायरीवर एक पाय ठेवून ऐटींत उभे राहिलेले आजोबा. रस्ता दाबण्याचें वाफेचें इंजिन आणि त्याच्या प्रचंड चाकाशेजारीं भीतभीत उभा असलेला एक मुलगा. घरांतील मंडळी चित्र पाहतात, आजोबांना ओळखतात, मुलगा कोण याविषयीं थोडा वाद घालतात आणि पान उलटतात. परंतु कांहीं माणसांची नजर आजोबांवर क्षणभरही ठरत नाहीं. ती थेट गाडीच्या चाकांकडे जाते, तेथून मागील बाजूस बसविलेल्या एखाद्या नळकांड्याकडे वळते, आणि त्यांच्या तोंडून पहिला उद्गार निघतो, "हें काय आहे?"

विलक्षण वाहनांच्या व यंत्रांच्या छायाचित्रांचा छंद या एका प्रश्नापासून सुरू होतो. असे छंदी लोक एकमेकांना कसे शोधून काढतात हें त्यांचें त्यांनाच ठाऊक. एखाद्या रविवारीं सकाळीं कोणाच्या तरी ओसरीवर अथवा दिवाणखान्यांत चारपांच मंडळी जमतात. कोणी पिवळीं पडलेलीं पोस्टकार्डें आणतो, कोणी कांचेवरील जुन्या प्रतिमांचे ठसे काढून आणतो, तर आजकाल कोणी खिशांतला दूरध्वनि पुढें करून त्याच्या पडद्यावरचें चित्र दाखवितो. चित्रांची देवघेव होते. चहा निवून जातो. चाकें किती, रुळांतील अंतर किती, धुराडें पुढें कां व पाण्याची टांकी मागें कां, यावर तासन् तास खल चालतो. बाहेरच्या माणसाला हा सारा पोरखेळ वाटावा यांत नवल नाहीं. इंग्लंडांत मात्र असल्या हौशी लोकांनीं १९०९ सालींच स्टीफन्सन लोकोमोटिव्ह सोसायटी नांवाची संस्था काढली, यावरून हा खेळ किती निष्ठेनें खेळला जातो हें ध्यानांत येईल.

या गप्पांच्या आड एक गंभीर काम चाललेलें असतें. छायाचित्र हा मोठा विश्वासू साक्षीदार आहे खरा. परंतु तो मितभाषी आहे. तो एकाच बाजूनें पाहतो, एकाच क्षणापुरतें पाहतो आणि त्याला कानांनीं ऐकूं येत नाहीं. यंत्राची उरलेली अर्धी हकीकत दुसऱ्या एखाद्या चित्रांत, दुसऱ्याच्या घरीं, किंवा एखाद्या वृद्ध माणसाच्या आठवणींत असते. हीं दोन अर्धुकें एकत्र आल्याशिवाय यंत्र पुरतें समजत नाहीं. छंदी मंडळींच्या बैठकींत तीं एकत्र येतात.

घाटांतल्या त्या प्रवासी गाडीचेंच उदाहरण घ्यावें. समोरून काढलेल्या चित्रांत ती इतर कोणत्याही मोटारगाडीसारखीच दिसते. परंतु तीच गाडी मागून टिपलेली असली तर तिच्या पाठीशीं न्हाणीघरांतील पाणी तापविण्याच्या बंबासारखें एक उंच लोखंडी पिंप दिसतें. आजच्या मुलाला वाटतें, प्रवाशांसाठीं गरम पाण्याची सोय असावी! वस्तुतः दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलचा तुटवडा झाला व त्यावर नियंत्रण आलें, त्या काळांतील ही युक्ति. पिंपांत लोणारी कोळसा पेटवावयाचा, त्याला हवा मुद्दाम अपुरी द्यावयाची, म्हणजे तो पुरता न जळतां त्यांतून एक ज्वालाग्राही वायु निघतो. तो थंड करून व गाळून इंजिनांत सोडला कीं पेट्रोलचें काम तो करतो. परंतु त्याचा जोर पेट्रोलहून बराच कमी. म्हणून चढ लागला कीं प्रवाशांना खालीं उतरावें लागे, हें ज्यांनीं तसा प्रवास केला तेच सांगूं शकतात. आजोबा पायरीवर पाय ठेवून उभे आहेत ते केवळ ऐटीसाठीं, कीं गाडी दमली म्हणून, हा उलगडा समोरच्या चित्रावरून होणें नाहीं.

अशा बैठकींत एक चित्र हटकून निघतें, आणि तें पाहून नवखा माणूस हमखास फसतो. त्यांत समुद्राच्या पाण्यावर एक सज्जा तरंगत असलेला दिसतो. सज्जाला कठडा आहे, मध्यें कांचेच्या खिडक्यांची खोली आहे, वर गच्ची आहे आणि तींवर टोप्या घातलेलीं माणसें वारा खात उभीं आहेत. नवखा म्हणतो, ही होडी आहे. मग दुसरा गृहस्थ आपल्या संग्रहांतील चित्र त्याच्या शेजारीं ठेवतो. सज्जा तोच, खिडक्या त्याच. परंतु पाणी ओसरलें आहे, आणि सज्जाखालीं चार लोखंडी पाय उभे आहेत, प्रत्येक पाय सुमारें २३ फूट उंच. पायांना चाकें आहेत, आणि चाकांखालीं रूळ! पहिलें चित्र भरतीचें, दुसरें ओहोटीचें.

ही होती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्राइटन ते रॉटिंगडीन ही समुद्रांतून जाणारी विजेची रेल्वे. तिचा जनक मॅग्नस व्होल्क. याच गृहस्थानें १८८३ सालीं ब्राइटनच्या किनाऱ्यावर विजेची छोटी आगगाडी सुरू केली होती, आणि ती आजही हंगामांत धांवते. पुढें रॉटिंगडीनपर्यंत मार्ग न्यावयाचा तर वाटेंत खडूच्या दगडाचे कडे होते. कड्यांवरून अगर कड्यांतून रूळ नेण्याऐवजीं व्होल्कनें ते समुद्राच्या तळावरच घातले. गाडीचें वजन ४५ टन, आंत जागा सुमारें १५० उतारूंना. विजेची तार डोक्यावर होती. वाहन समुद्रांतून जाणार, म्हणून त्यावर एक जीवरक्षक नौका टांगलेली असे आणि एका अनुभवी कप्तानाला बरोबर घ्यावें लागे. रेल्वेच्या गाडीवर कप्तान असल्याचें हें उदाहरण विरळाच! २८ नोव्हेंबर १८९६ रोजीं ती सुरू झाली. आणि अवघ्या एका आठवड्यांत, ४ डिसेंबरच्या रात्रीं आलेल्या वादळानें गाडी उलथून टाकली. व्होल्क खचला नाहीं. १८९७ च्या जुलैमध्यें ती पुन्हां चालूं लागली. परंतु भरतीच्या वेळीं पाणी कापीत जातांना तिचा वेग अगदींच मंदावे. आणि पुढें किनाऱ्याच्या संरक्षणासाठीं नगरपालिकेनें बांध घालावयास घेतले, तेव्हां मार्ग हलविण्याइतका पैसा व्होल्कपाशीं उरला नव्हता. १९०१ सालीं हा खेळ संपला. रुळांखालच्या ठोकळ्यांचे कांहीं अवशेष तेवढे ओहोटीला अजून दिसतात.

केवळ भरतीचें चित्र जपून राहतें तर ती होडी ठरती. केवळ ओहोटीचें राहतें, तर हें यंत्र पाण्यांतून चालत होतें यावर कोणाचा विश्वास बसता ना. दोन्हीं चित्रें शेजारीं शेजारीं आलीं तेव्हां एका माणसाचें धाडस आणि त्याची चूक, दोन्ही उघड झालीं.

दुसरें चित्र आयर्लंडमधलें. बाजूनें पाहिलें तर एक साधें वाफेचें इंजिन दिसतें. मात्र तें जमिनीपासून जरा उंचावर, लोखंडी घोड्यांच्या रांगेवर चाललेलें असतें. समोरून काढलेल्या चित्रांत खरी गंमत आहे. इंजिनाला एक नसून दोन बॉयलर आहेत, आणि ते मधल्या एकुलत्या रुळाच्या दोहों अंगांना, बैलाच्या पाठीवर टाकलेल्या गोणीच्या दोन भागांप्रमाणें लोंबत आहेत. फ्रेंच एंजिनियर शार्ल लार्तिग यानें ही रचना काढली. अल्जीरियांत उंटाच्या दोन्ही कुशींना समतोल बांधलेलीं ओझीं पाहून त्याला ही कल्पना सुचली असें सांगतात. लिस्टोवेल ते बॅलीबनियन या सुमारें ९ मैलांच्या मार्गावर १८८८ पासून १९२४ पर्यंत, म्हणजे तब्बल ३६ वर्षें, अशी गाडी चालली.

पण कोणत्याही चित्रांत न दिसणारी अडचण गोणीच्याच जातीची होती. एका बाजूला भार पडला कीं दुसऱ्या बाजूला तितकाच भार हवा. याविषयीं एक आख्यायिका आहे. कोणाला पियानो न्यावयाचा होता, म्हणून समतोलासाठीं दुसऱ्या अंगाला एक गाय चढविली. गाय परत आणतांना तिच्या भारंभार दोन वासरें घ्यावीं लागलीं. आणि मग तीं वासरें, एक या अंगाला व एक त्या अंगाला, अशीं घरीं पोहोंचविलीं. गोष्टींत खरें किती व मीठमिरची किती हें ठरविण्याचें कारण नाहीं. तींत या रेल्वेचें सारें यंत्रशास्त्र आलें आहे. शिवाय मार्ग कमरेइतका उंच, त्यामुळें उतारूंना एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाण्यासाठीं गाडीबरोबर जिना न्यावा लागे, आणि रस्ता आडवा आला तर तेथें उघडमीट होणारा पूल करावा लागे. नव्या धर्तीवर बांधलेली तिची प्रतिकृति २००३ पासून लिस्टोवेलला पाहावयास मिळते.

एका रुळावर चालणारी गाडी म्हटली कीं बैठकींत हटकून एक घोटाळा होतो. लूई ब्रेनन याचें यंत्र व लार्तिगचें यंत्र यांचीं नांवें एकमेकांच्या चित्रांखालीं जातात. वास्तविक दोहोंचें तत्त्व निराळें. लार्तिगची गाडी रुळाच्या खालपर्यंत लोंबून समतोल साधते. ब्रेननची गाडी रुळाच्या वर, सायकलीसारखी, उभी राहते. १० नोव्हेंबर १९०९ रोजीं केंट परगण्यांतील गिलिंगहॅम येथें ब्रेननने ती लोकांसमोर चालविली. तिच्या पोटांत उलट दिशांनीं वेगानें फिरणारे दोन जड भोंवरे होते. फिरणारा भोंवरा पडत नाहीं हें प्रत्येक मुलाला ठाऊक असतें. त्याच्या याच हट्टावर २२ टनांची गाडी एका रुळावर तोलून धरली होती. त्या प्रसंगाच्या चित्रांत माणसें गाडीच्या एकाच कडेला दाटीनें उभीं आहेत. चित्र काढणाऱ्याला ती दाटी कदाचित् अडचणीची वाटली असेल, पण जाणकाराला तीच पुराव्याची जागा वाटते. कारण भार एका अंगाला असूनही गाडी कललेली नाहीं. हिंदुस्थानच्या डोंगराळ सरहद्दीवर अशी रेल्वे उपयोगी पडेल या आशेनें लंडनच्या इंडिया ऑफिसनें व काश्मीर दरबारानें ब्रेननला द्रव्यसाहाय्य केलें होतें. परंतु प्रत्येक डब्याला स्वतःचे भोंवरे हवेत, आणि ते थांबले तर गाडीचें काय, या शंकेचें समाधान झालें नाहीं. यंत्र चाललें, पण रेल्वे झाली नाहीं.

आतां जर्मनीकडे वळूं. समोरून घेतलेलें एक चित्र हातांत आलें तर पाहणारा म्हणेल, ही तर कालपरवांची वेगवान गाडी. निमुळतें तोंड, गुळगुळीत अंग, रुपेरी रंग. प्रत्यक्षांत ती ९० वर्षांहून अधिक जुनी आहे. तिच्या मागच्या टोकाचें चित्र पाहिलें म्हणजे छातींत धस्स होतें, कारण तेथें विमानाचा पंखा आहे! फ्रान्झ क्रुकेनबर्ग यानें बनविलेली ही रुळांवरची झेपेलिन. २१ जून १९३१ रोजीं बर्लिन-हँबुर्ग मार्गावर तिनें ताशीं २३० किलोमीटर वेग गांठला. मग तिचा प्रसार कां झाला नाहीं? याचें उत्तर तिच्या पाठमोऱ्या चित्रांतच आहे. उघडा फिरणारा पंखा गर्दीच्या फलाटाजवळून न्यावयाचा कसा? आणि शेवटच्या टोकाला पंखा, तर मागें दुसरा डबा जोडावयाचा कोठें? एका इंजिनामागें पाहिजे तितके डबे जोडतां यावेत हाच रेल्वेचा खरा फायदा. तोच येथें गमावला होता. अशी गाडी एकच झाली, आणि १९३९ सालीं ती मोडून टाकण्यांत आली.

कांहीं यंत्रांची दुसरी बाजू गतींत असते. डॉ. जॉन आर्चिबाल्ड पर्व्हिस याच्या प्रचंड चाकाचें चित्र पुष्कळांनीं पाहिलेलें असेल. १० फूट उंचीचें, जाळीदार चाक. त्याच्या आंतच आसन, आंतच इंजिन, आणि आंतच निश्चिंतपणें बसलेला सारथि. १९३२ सालीं इंग्लंडांत सॉमरसेटच्या वाळूच्या किनाऱ्यावर त्याची चांचणी झाली, आणि तें ताशीं २५ मैलांच्या पुढें धांवलें. चित्रांत सारें सुरळीत आहे, कारण चित्र स्थिर आहे. वस्तुतः आंतील चौकट आपल्या वजनानें तळाशीं राहते व तिच्या पुढें चढण्याच्या धडपडीनें चाक फिरतें. एकदम जोराचा ब्रेक लागला, कीं चौकट चाकाला धरून राहते आणि सारथ्यासकट वरून खालीं गिरकी घेते! जत्रेंतल्या पाळण्यांत पैसे देऊन जी चैन करतात, ती येथें रस्त्यांतच फुकट मिळण्याचा संभव. वळविण्याची अडचण ती निराळीच. अशा चाकावर बाजारांत भाजी आणावयास जाण्याचा विचार कोणी केला नाहीं, हें उत्तम झालें.

कांहीं वेळां चित्राची दुसरी बाजू म्हणजे रस्त्यावरच्या माणसांची बाजू. १९१० च्या सुमारास कलकत्त्यांत एका धनाढ्य इंग्रज गृहस्थानें, रॉबर्ट मॅथ्यूसन यानें, इंग्लंडांतील लोस्टॉफ्ट येथून एक मोटार बनवून आणविली. तिचा पुढचा भाग हुबेहूब राजहंसाचा, अंगावर कोरीव पिसें, डोळ्यांत दिवे. आज ती नेदर्लंडमधील हेग शहराच्या लौमन संग्रहालयांत आहे, आणि तिचीं चित्रें पाहून सारे कौतुक करतात. पण हा हंस चोंचींतून गरम पाण्याचा फवारा सोडून वाट मोकळी करीत असे, आणि मागच्या बाजूनें रस्त्यावर पांढरा चुना टाकून पक्ष्याची विष्ठा पडल्याचा देखावा करीत असे. रस्त्यांत एकच घबराट उडाली, व पोलिसांनीं त्याला बंदी केली. पुढें तो नाभा संस्थानच्या महाराजांकडे गेला. ज्यांच्या अंगावर तें गरम पाणी उडालें, त्या पादचाऱ्यांच्या हातीं कॅमेरा नव्हता. हंसाचें रूप चित्रानें सांगितलें. त्याचा उपद्रव मात्र हकीकतींतूनच कळला.

पुण्यामुंबईच्या मंडळींना अधिक जवळचें असें एक यंत्र ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनें १९२८ पासून आणलें. मालगाड्या घाट चढवून नेण्यासाठीं आलेलें हें विजेचें इंजिन. मूळ घडण स्वित्झर्लंडची. एकूण ४१ इंजिनें आलीं. पुढें एक लांब नाक, मागें तसेंच दुसरें नाक, मध्यें खोली, आणि वळणांत सहज वळावें म्हणून सारें अंग सांध्यांचें. यूरोपांत त्याच्या भाईबंदांना मगर म्हणत. आपल्याकडच्या रेल्वे कामगारांनीं त्याचें बारसें आपल्या पद्धतीनें केलें, खेकडा! बैठकींत नेहमीं प्रश्न निघतो, कीं विजेच्या इंजिनाला वाफेच्या इंजिनासारखे चाकें जोडणारे दांडे कशाला? त्याचें उत्तर असें, कीं त्याच्या मोटरी चाकांच्या आंसांवर नसून वर बसविलेल्या होत्या. तेथील जोर दांड्यांच्या द्वारें चाकांपर्यंत पोहोंचे. हें चित्रावरून समजावून देतां येतें. परंतु त्या दांड्यांचा घाटांत घुमणारा 'सूं सूं' आवाज कोणत्याही चित्रांत नाहीं. खंडाळ्याच्या अगर कसाऱ्याच्या बाजूस बालपण गेलेला एखादा वृद्ध बैठकींत असला, तर तो तोंडानें तसा आवाज काढून दाखवितो, आणि सारी मंडळी चहा विसरून ऐकते. हा पुरावा लिहून ठेवला नाहीं, तर त्या वृद्धाबरोबरच तो जाणार.

अर्थात् या बैठकींत सारेंच ज्ञान असतें असें नाहीं. हट्टही असतो. एकानें चित्राखालीं चुकीचें नांव लिहिलें, कीं दुसरा तें उतरून घेतो, तिसरा त्यावरून चौथ्याला सांगतो, आणि चूक पिढीजात होते. प्रामाणिक छंदी माणूस ओळखावयाचा तो एका खुणेनें: ठाऊक नसेल तेथें तो प्रश्नचिन्ह टाकतो. दुसऱ्यानें पुरावा दाखविला कीं तो आपलें लिहिलेलें खोडतो. चित्रांतील एखाद्या पाटीवरची अक्षरें, सांवलीची दिशा, माणसांचे पोशाख, चाकांची संख्या, हीं सारीं तो तपासतो. बारीकसारीक गोष्टींसाठीं हे लोक भांडतात म्हणून त्यांना हंसणें सोपें आहे. पण त्या बारीक गोष्टींवर कधीं कधीं एका संपूर्ण यंत्राचें जगणें वा मरणें अवलंबून असतें. पतियाळा संस्थानांतील रेल्वेची कथा हें त्याचें उत्तम उदाहरण होय.

पतियाळा संस्थानानें १९०७ च्या सुमारास कर्नल बाउल्स या एंजिनियराच्या देखरेखीखालीं एका रुळाची रेल्वे बांधली. ही रचना ना लार्तिगची, ना ब्रेननची. तिला युइंगची पद्धति म्हणत. रस्त्याच्या कडेला एकच रूळ. गाडीचा जवळजवळ सारा भार, शेंकडा ९५ च्या आसपास, त्या रुळावर; आणि गाडीच्या एका अंगाला हात पसरावा तसें एक मोठें चाक, तें मात्र साध्या रस्त्यावरून चाले व तोल सांभाळी. रुळावर घर्षण कमी म्हणून ओढण्यास थोडा जोर पुरे. रूळ एकच, म्हणून खर्च कमी. प्रथम खेंचरें व बैल गाड्या ओढीत. मागाहून बर्लिनच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल या कारखान्याचीं चार वाफेचीं इंजिनें आलीं. सरहिंद व पतियाळा या ठिकाणांहून निघणारे दोन मार्ग मिळून सुमारें ५० मैलांचा हा पसारा होता. पुढें चांगले रस्ते झाले, मोटारी आल्या, आणि १९२७ सालीं रेल्वे बंद पडली.

या इंजिनाचें चित्र रुळाच्या बाजूनें काढलें तर रस्त्यावरचें तें मोठें चाक इंजिनाच्या आड जातें, आणि गाडी जादूनें उभी आहे असा भास होतो. दुसऱ्या बाजूनें काढलें तर चाकच डोळ्यांत भरतें. ज्याला दोन्ही बाजू ठाऊक नाहींत, त्याच्या दृष्टीनें शेडमध्यें गंजत पडलेलें तें लोखंड म्हणजे मोडकें, तिरपें, अर्धवट असें कांहींतरी. ३५ वर्षें तें तसेंच पडून होतें. भंगाराच्या भावानें तें केव्हांच गेलें असतें, आणि गेलेंही असतें तर कोणाला दोष देतां आला नसता. १९६२ सालीं रेल्वेच्या इतिहासाचे जाणकार माइक सॅटो यांना पतियाळाच्या बांधकाम खात्याच्या शेडमध्यें एक इंजिन आणि मुख्य एंजिनियराचा तपासणीचा डबा सांपडला. त्यांनीं तें ओळखलें. उत्तर रेल्वेच्या अमृतसर येथील कारखान्यांत इंजिन दुरुस्त झालें, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत, जें १९७७ सालीं लोकांसाठीं खुलें झालें, तें पुन्हां वाफ सोडीत एका रुळावर धांवलें. लहान मुलें आजही त्याच्यापुढें थबकतात आणि तोच जुना प्रश्न विचारतात, "हें काय आहे?"

ब्राइटनची चौपायी गाडी गेली, जर्मनीची झेपेलिन मोडली, ब्रेननचे भोंवरे थांबले. त्यांचीं केवळ चित्रें उरलीं. पतियाळाचें इंजिन उरलें, कारण तें मोडीत जाण्यापूर्वीं ओळखणारा माणूस तेथें पोहोंचला. यंत्र विचित्र असलें कीं त्याचा धोका दुप्पट. साध्या यंत्रासारखीं दुसरीं शेंकडों असतात. एक मोडलें तर दुसरें राहतें. विचित्र यंत्र बहुधा एकटेंच असतें, आणि त्याला पाहून लोक हंसतात, म्हणून त्याची नोंदही कोणी करीत नाहीं. वास्तविक फसलेल्या यंत्राइतका चांगला शिक्षक नाहीं. तें कां फसलें हें ठाऊक असलें, तर पुढच्या माणसाचे श्रम व पैसा वांचतो.

या कामांत घरोघरच्या मंडळींना करतां येण्यासारखी एक गोष्ट आहे, आणि तिला खर्च नाहीं. जुना आल्बम पेटींतून काढावा. घरांत सर्वांत वयस्क जें माणूस असेल त्याला शेजारीं बसवावें. चित्र उलटें करावें, आणि त्याच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनें, हलक्या हातानें लिहावें: ठिकाण कोणतें, साल कोणतें, माणसें कोण, आणि वाहन कोणतें. साल निश्चित नसेल तर तसें लिहावें. गाडीच्या मागें तें पिंप कसलें होतें हें आजीला आठवत असेल, तर तिच्याच शब्दांत तें उतरून घ्यावें. दूरध्वनींत सांठविलेल्या चित्राला तर पाठच नसते. म्हणून त्याच्याबरोबर चार ओळी लिहून ठेवणें अधिकच अगत्याचें.

मग तें चित्र कोणा छंदी माणसाला अवश्य दाखवावें. तो आजोबांची विचारपूस करावयास विसरेल, याबद्दल त्याला क्षमा करावी. कदाचित् त्या गाडीचें पाठमोरें चित्र त्याच्या संग्रहांत असेल, आणि तें कोणाच्या घरचें, कोणत्या घाटांतलें, याचा शोध तो कित्येक वर्षें करीत असेल.